गृहरचनेच्या सॉफ्टवेअरमधील मोठी काचभिंत : पडद्यावरील चित्र आणि प्रत्यक्ष वास्तू

सारांश

गृहरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठी काचभिंत दाखविणे सोपे झाले आहे. मात्र पडद्यावरील काच हा बहुधा केवळ पारदर्शक रंग असतो. त्याला जाडी, वजन, चौकट, सांधे आणि उष्णता नसते. प्रस्तुत लेखात काचभिंतीचे प्रतिरूप तयार करण्याच्या तीन प्रचलित पद्धतींचा परिचय करून दिला आहे. चित्र आणि वास्तू यांत अंतर कोठे पडते, हे प्रकाश, सूर्याची दिशा, वजन, सुरक्षितता व वायुवीजन या अंगांनी स्पष्ट केले आहे. प्रतिरूप निर्णयाचे साधन व्हायचे असेल तर काचेकडे 'पोकळी' म्हणून न पाहता 'पदार्थ' म्हणून पाहिले पाहिजे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : काचभिंत, संगणकीय प्रतिरूप, पडदाभिंत, सौर उष्णता, सुरक्षा काच, गृहरचना अध्यापन.

१. प्रस्तावना

बांधण्यापूर्वीच घर डोळ्यांनी पाहता यावे, ही घर बांधणाऱ्या प्रत्येकाची इच्छा असते. पूर्वी जमिनीवर फक्कीने आखणी करून खोल्यांचा अंदाज घेतला जाई. पुढे निळ्या छापाचे नकाशे आणि पुठ्ठ्याच्या प्रतिकृती आल्या. संगणकामुळे ही सोय सामान्य घरमालकापर्यंत पोहोचली आहे. नकाशा न वाचता येणारी व्यक्तीही पडद्यावरील दिवाणखान्यात 'फिरून' येऊ शकते आणि त्या दर्शनावर विसंबून लाखो रुपयांचा निर्णय घेते.

या दर्शनात सर्वाधिक मोह पाडणारा घटक म्हणजे जमिनीपासून छतापर्यंतची काचभिंत. विटांची भिंत पुसून तेथे काच ठेवली की खोली मोठी वाटते, बाग आत येते आणि चित्र उजळते. पण विटेची भिंत चित्रात जशी असते, साधारण तशीच प्रत्यक्षात वागते. काचेचे तसे नाही. तिचे बहुतेक गुणधर्म चित्रात अदृश्य राहतात, म्हणून तिचे प्रतिरूप अधिक जबाबदारीने घडवावे लागते. वास्तुरचना, अंतर्गत सजावट, गृहविज्ञान, भौतिकशास्त्र व संगणकशास्त्र या सर्व शाखांच्या अध्यापकांचा या प्रश्नाशी संबंध येतो.

२. पार्श्वभूमी : प्रतिकृती आणि अनुभव

१८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टन यांनी उभारलेल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये वापरलेली तावदाने ४९ इंच लांब आणि १० इंच रुंद होती. एवढ्या भव्य इमारतीची मापे तावदानाच्या मापाशी जुळवून ठरविली गेली होती. ही मर्यादा पुढे सैल झाली. वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून सपाट करण्याची 'फ्लोट' पद्धत इंग्लंडमधील अ‍ॅलिस्टेअर पिल्किंग्टन यांनी विकसित केली आणि १९५९ मध्ये ती जाहीर झाली. या पद्धतीने तयार होणारे मोठे पत्रे आज साधारण ६ मीटर × ३.२१ मीटर मापाचे असतात. म्हणजे काचेची मापे आजही अमर्याद नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये मात्र तीस मीटर लांबीचे अखंड तावदानही विनातक्रार काढता येते.

प्रतिकृती आणि अनुभव यांतील अंतराचे बोलके उदाहरण म्हणजे अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील फार्न्सवर्थ हाउस. मीस व्हॅन डेर रोह यांनी शिकागोच्या डॉक्टर एडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी रचलेल्या या घराची प्रतिकृती १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील प्रदर्शनात मांडली गेली. प्रत्यक्ष घर १९५१ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या चारही बाजूंना एकेरी काच होती आणि उघडता येणाऱ्या खिडक्या केवळ दोन लहान होत्या. उन्हाळ्यात घर तापे, थंडीत काचांवर पाणी साचे, आणि खाजगीपणाचाही प्रश्न उभा राहिला. खर्चावरून वास्तुरचनाकार व मालकीण यांच्यातील वाद न्यायालयात गेला. विसाव्या शतकातील वास्तुकलेचा उत्कृष्ट नमुना म्हणून या घराचा गौरव होतो आणि तो योग्यच आहे. पण प्रतिकृतीने सांगितलेली गोष्ट आणि राहणाऱ्या व्यक्तीने अनुभवलेली गोष्ट वेगळी होती. संगणकीय प्रतिरूपाच्या काळात हा धोका अधिक वाढला आहे, कारण आजचे चित्र पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीपेक्षा कितीतरी अधिक 'खरे' दिसते.

३. काचभिंत दाखविण्याच्या तीन पद्धती

(अ) पारदर्शक पृष्ठाची पद्धत : स्केचअपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये भिंतीच्या जागी एक आयत काढून त्याला पारदर्शक रंग दिला जातो. प्राथमिक कल्पना मांडण्यासाठी ही पद्धत उपयुक्त आहे. मात्र या पृष्ठाला जाडी नसते आणि कडा नसते. ते दोन मीटरचे असो वा वीस मीटरचे, सॉफ्टवेअरच्या दृष्टीने त्यात फरक नाही.

(आ) मोठ्या खिडकीची पद्धत : स्वीट होम थ्रीडी या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आधी साधी भिंत काढून तिच्यात सूचीमधील न उघडणारी खिडकी बसविली जाते. नंतर खिडकीची रुंदी, उंची व जमिनीपासूनचे अंतर बदलून ती जवळजवळ भिंतीएवढी केली जाते. भिंतीला आपोआप छिद्र पडते. येथे दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. पहिली, खिडकी ताणल्यावर तिची चौकटही ताणली जाते. त्यामुळे पाच सेंटिमीटरची पट्टी वीस सेंटिमीटरची दिसू शकते. एक खिडकी ताणण्यापेक्षा योग्य मापाच्या तीन-चार खिडक्या शेजारी-शेजारी ठेवणे अधिक वास्तव ठरते. दुसरी, त्रिमितीय दृश्यात भिंती पारदर्शक करण्याची जी सोय असते ती सर्वच भिंतींना लागू होते. तो पाहण्याच्या सोयीचा भाग आहे. त्याने काचभिंत तयार होत नाही.

(इ) पडदाभिंतीची पद्धत : रेव्हिटसारख्या इमारत-माहिती प्रतिरूपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कर्टन वॉल' हा भिंतीचा स्वतंत्र प्रकार असतो. त्यात आडव्या-उभ्या रेषांची जाळी, जाळीच्या घरांत बसणारी तावदाने आणि रेषांवर बसणाऱ्या पट्ट्या अशी तीन अंगे असतात. तावदान बदलून तेथे दार बसविता येते, आणि प्रत्येक तावदानाचे माप व संख्या तक्त्यात मिळते. या पद्धतीचा खरा लाभ असा की ती विचारायला भाग पाडते: सांधा कोठे येणार? पट्टी किती रुंद? दार कोणत्या घरात? पहिल्या दोन पद्धतींत हे प्रश्न विद्यार्थ्याला स्वतःहून विचारावे लागतात. सॉफ्टवेअर ते विचारत नाही.

कोणतीही एक पद्धत सर्वश्रेष्ठ आहे असे नाही. पहिली पद्धत कल्पनेच्या, दुसरी घरगुती मांडणीच्या आणि तिसरी बांधकामाच्या टप्प्यावर योग्य ठरते. दोष पद्धतीत नसतो. पहिल्या टप्प्याचे चित्र अंतिम निर्णयासाठी वापरले गेले, की दोष निर्माण होतो.

४. प्रकाशाचे प्रतिरूप

नेहमीच्या काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५२ आहे. त्यामुळे समोरून पडणाऱ्या प्रकाशाचा सुमारे ४ टक्के भाग काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून परततो. दोन्ही पृष्ठे मिळून सुमारे ८ टक्के. प्रकाश तिरपा होत गेला की हे प्रमाण झपाट्याने वाढते. म्हणूनच समोर उभे राहिल्यास काच 'नाहीशी' होते आणि बाजूने पाहिल्यास आरसा होते. केवळ पारदर्शक रंग दिलेल्या पृष्ठात हा बदल दिसत नाही.

रात्रीचे दृश्य तर बहुतेक सादरीकरणांत तपासलेच जात नाही. दिवसा बाहेरचा प्रकाश प्रखर असल्याने ८ टक्के परावर्तन जाणवत नाही. रात्री आत दिवे आणि बाहेर काळोख असला की तेवढेच परावर्तन ठळक होते. बाग दिसेनाशी होते, काचेत खोलीच दिसते. उलट बाहेरच्या माणसाला आतले सर्व स्पष्ट दिसते. त्यामुळे पडद्यांची, आणि पडदे गोळा करून ठेवण्यासाठी लागणाऱ्या जागेची, तरतूद प्रतिरूपातच करणे आवश्यक ठरते.

जाडीबाबतही एक तांत्रिक बाब ध्यानात घ्यावी. अपवर्तन मोजणाऱ्या चित्रण-सॉफ्टवेअरला किरण काचेत शिरल्याचे आणि बाहेर पडल्याचे असे दोन पृष्ठांवर कळावे लागते. एकच पृष्ठ दिले तर किरण काचेत शिरतो पण बाहेर पडत नाही, आणि पलीकडची बाग वाकडी दिसते. यावर दोन उपाय आहेत: काचेला १० किंवा १२ मिलिमीटरची प्रत्यक्ष जाडी देणे, किंवा 'पातळ काच' हा पर्याय निवडून अपवर्तन बंद ठेवणे.

सावलीचे गणितही पुष्कळदा सोपे केलेले असते. स्केचअपमध्ये ७० टक्के वा त्याहून अधिक अपारदर्शक असलेला रंग पूर्ण सावली पाडतो, त्याखालचा रंग सावली पाडतच नाही. खरी काच मात्र काही प्रकाश अडविते, काही परतविते, काही आत सोडते. म्हणून अशा चित्रावरून 'रंगीत काच लावल्यास ऊन किती कमी होईल' याचा निष्कर्ष काढणे चूक ठरते.

५. सूर्य, दिशा आणि उष्णता

काचभिंतीचे यशापयश सर्वाधिक दिशेवर अवलंबून असते. सॉफ्टवेअरमध्ये सूर्याचा अभ्यास करण्याची सोय असते; परंतु स्थान आणि उत्तर दिशा योग्य भरली तरच तिला अर्थ आहे. स्केचअपच्या मूळ नमुन्यात अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील बोल्डर हे गाव स्थान म्हणून घेतलेले असे. बोल्डर सुमारे ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर पुणे सुमारे १८.५ अंशांवर. बोल्डर येथे माध्यान्हीचा सूर्य बारा महिने दक्षिणेकडे असतो. महाराष्ट्र मात्र संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने येथे उन्हाळ्याचे काही आठवडे माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो. २१ डिसेंबरला पुण्यात माध्यान्ही सूर्य सुमारे ४८ अंश उंच असतो, बोल्डर येथे जेमतेम २६.५ अंश. स्थान न बदलता काढलेले 'सकाळचे सुंदर ऊन' हे येथले ऊन नव्हेच.

उष्णतेचा अंदाज साध्या गणिताने विद्यार्थ्यांना देता येतो. ६ मीटर लांब आणि ३ मीटर उंच, म्हणजे १८ चौरस मीटरची पश्चिमेकडील काचभिंत घेऊ. दुपारनंतर तिच्यावर दर चौरस मीटरला ६०० वॅट सौर ऊर्जा पडते असे गृहीत धरू. ६ मिलिमीटर साध्या काचेचा सौर उष्णता गुणांक सुमारे ०.८२ असतो.

१८ × ६०० × ०.८२ = सुमारे ८,८५० वॅट.

एक टन क्षमतेचे वातानुकूलन यंत्र सुमारे ३,५१७ वॅट उष्णता काढते. म्हणजे केवळ या भिंतीतून येणाऱ्या उन्हासाठी अडीच टनांची क्षमता लागेल. याउलट, आत-बाहेर १० अंश सेल्सिअसचा फरक असताना त्याच काचेतून वहनाने येणारी उष्णता सुमारे १,००० वॅट भरते. मुख्य प्रश्न तापलेल्या हवेचा नसून थेट उन्हाचा आहे, हे यावरून स्पष्ट होते. साधी दुहेरी काच वहन निम्म्यावर आणते; पण तिचा सौर उष्णता गुणांक सुमारे ०.७० असल्याने ऊन फारसे कमी होत नाही. थंड देशांच्या गृहरचनेतून घेतलेला 'दुहेरी काच म्हणजे उत्तर' हा समज आपल्या हवामानात अपुरा ठरतो तो यामुळेच.

ऊन काचेवर पडण्यापूर्वीच अडविणे हा अधिक परिणामकारक उपाय आहे, आणि प्रतिरूपात तो नेमका तपासता येतो. ३ मीटर उंचीच्या दक्षिणाभिमुख काचेला २१ मार्चच्या माध्यान्ही (सूर्य ७१.५ अंश) पूर्ण सावली देण्यास सुमारे १ मीटरचा छज्जा पुरतो. पश्चिमेकडे सूर्य ३० अंशांवर आला असता तेवढ्याच सावलीसाठी ५.२ मीटरचा छज्जा लागेल, जो व्यवहार्य नाही. तेथे उभे पडदे, जाळी, झाडे किंवा खोल ओसरी हेच उपाय उरतात. कोकणातील पडवी आणि गोव्यातील जुन्या घरांच्या शिंपल्याच्या तावदानांच्या खिडक्या यांमागे प्रखर प्रकाश सौम्य करून घेण्याची हीच जाण दिसते.

६. वजन, सांधे आणि सुरक्षितता

काचेची घनता दर घनमीटरला सुमारे २,५०० किलोग्रॅम असते. म्हणजे एक मिलिमीटर जाडीच्या एका चौरस मीटर काचेचे वजन अडीच किलोग्रॅम. ३ मीटर × १.५ मीटरचे १२ मिलिमीटर जाडीचे एक तावदान १३५ किलोग्रॅम भरते. वरील भिंतीसाठी अशी चार तावदाने, म्हणजे ५४० किलोग्रॅम. ते जिन्यातून वर जाणार का, क्रेन उभी राहण्यास जागा आहे का, हे प्रश्न चित्रात उमटत नाहीत.

काच छताचा भार पेलत नाही. काचभिंत आली की तिच्यावर बीम येतो. आयएस ४५६ : २००० या मानकानुसार विभाजक भिंती व अंतिम काम झाल्यानंतरचा बीमचा झोल लांबीच्या ३५० व्या भागापेक्षा किंवा २० मिलिमीटरपेक्षा, यांपैकी जे कमी असेल त्याहून, अधिक नसावा. ६ मीटरच्या बीमसाठी ही मर्यादा सुमारे १७ मिलिमीटर येते. बीम मानकाच्या मर्यादेत राहूनही एवढा खाली येऊ शकतो. काच चौकटीत वरपर्यंत घट्ट बसविली असेल तर हा भार काचेवर येतो व ती तडकते. शिवाय तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर ३ मीटर लांबीची काच सुमारे १ मिलिमीटर वाढते, तर तेवढीच अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सुमारे २.८ मिलिमीटर. चौकटीतील मोकळी जागा, रबरी गॅस्केट आणि सिलिकॉनचा सांधा हे या हालचालींसाठीच असतात. पट्ट्याच नसलेली काचभिंत चित्रात देखणी दिसते. पण 'पट्टी नाही' म्हणजे 'सांधा नाही' असे होत नाही. पावसाळ्यात पाणी येते ते सांध्यातूनच. म्हणून खालच्या चौकटीतील पाणी वाहून जाण्याची छिद्रे आणि बाहेरच्या फरशीचा उतार यांचाही विचार आराखड्यातच झाला पाहिजे.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून गंभीर आहे. साधी काच फुटली की तिचे धारदार सुळे होतात. टफन केलेली काच साध्या काचेच्या चार ते पाचपट मजबूत असते व फुटल्यास तिचे बारीक, तुलनेने बोथट तुकडे होतात. मात्र टफन केल्यावर ती कापता वा तिला छिद्र पाडता येत नाही. म्हणून मुठीची व बिजागरीची जागा आराखड्यातच निश्चित करावी लागते. लॅमिनेटेड काचेत दोन थरांमधील पटल तुकडे धरून ठेवते. वरच्या मजल्यावर, जेथे काचेबरोबर माणूसही खाली जाण्याची भीती असते, तेथे हा गुण निर्णायक ठरतो. आयएस २५५३ हे सुरक्षा काचेचे मानक असून आयएस १६२३१ या संहितेच्या चौथ्या भागात माणूस काचेवर आदळण्याच्या धोक्याचा विचार केलेला आहे. स्वच्छ, पूर्ण उंचीची काच न दिसल्यामुळे माणसे, विशेषतः मुले व वृद्ध, तिच्यावर आदळतात. डोळ्यांच्या उंचीवर खुणेचा पट्टा किंवा आडवी पट्टी देणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. चित्र बिघडते म्हणून तो वगळणे समर्थनीय नाही.

७. वायुवीजन आणि नियम

काच प्रकाश आत आणते, हवा नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या इको निवास संहिता २०१८ च्या पहिल्या भागात उष्ण-दमट प्रदेशातील घरांसाठी उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्रफळ चटई क्षेत्रफळाच्या किमान १६.६६ टक्के असावे, असे ठरविण्यात आले. ९० चौरस मीटरच्या घरासाठी हे सुमारे १५ चौरस मीटर येते. १८ चौरस मीटरची न उघडणारी काचभिंत या हिशेबात शून्य धरली जाते. सरकत्या दारांतही दोन पल्ल्यांपैकी एकच भाग मोकळा होतो. याच संहितेत थंड प्रदेश वगळता इतरत्र छत सोडून बाह्य आवरणातून येणाऱ्या उष्णतेची मर्यादा दर चौरस मीटरला १५ वॅट ठेवण्यात आली. काचेचे क्षेत्रफळ, दिशा, सौर उष्णता गुणांक व छज्जा हे सर्व त्या सूत्रात येतात. प्रतिरूपात ही मापे नोंदलेली असतील तर हा हिशेब तक्त्यावरून थेट करता येतो.

८. अध्यापनातील उपयोजन

गृहरचनेच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याने काचभिंतीचे चित्र सादर करताना पुढील नोंदी सोबत द्याव्यात, असे सुचविता येईल.

१) स्थान, उत्तर दिशा आणि भिंतीची दिशा.
२) प्रत्येक तावदानाचे माप, जाडी, प्रकार व वजन.
३) पट्ट्या, सांधे आणि वरच्या चौकटीतील मोकळी जागा दाखविणारा छेद.
४) २१ मार्च, २१ जून व २१ डिसेंबर या तीन दिवशी सकाळी, माध्यान्ही व दुपारी चार वाजता पडणारे ऊन.
५) रात्रीचे, दिवे लावलेले एक दृश्य.
६) उघडणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ.
७) काच पुसण्याची व फुटल्यास बदलण्याची व्यवस्था.

यासाठी महागडे सॉफ्टवेअर आवश्यक नाही. मुक्त सॉफ्टवेअर, कागद आणि साधा गणकयंत्र यांवरही हे काम होऊ शकते. भौतिकशास्त्राच्या अध्यापकाने उष्णतेचा, गणिताच्या अध्यापकाने सूर्यकोनाचा व संगणकशास्त्राच्या अध्यापकाने प्रकाश-चित्रणाचा भाग शिकविल्यास हा एक चांगला आंतरविद्याशाखीय प्रकल्प ठरेल.

९. निष्कर्ष

१) सॉफ्टवेअरमधील पारदर्शकता हा दृश्य गुण आहे, त्यावरून काचेच्या उष्णतेविषयी, बळाविषयी किंवा सुरक्षिततेविषयी निष्कर्ष काढता येत नाहीत.
२) प्रतिरूपाची पद्धत निर्णयाच्या टप्प्यानुसार निवडावी, कल्पनाचित्रावर बांधकामाचा निर्णय घेऊ नये.
३) महाराष्ट्राच्या हवामानात काचभिंतीचा मुख्य प्रश्न थेट उन्हाचा आहे. त्याचे उत्तर प्रथम दिशेत व सावलीत, नंतर काचेच्या प्रकारात शोधावे.
४) चौकट, सांधे व मोकळी जागा हे काचभिंतीचे अविभाज्य भाग असून त्यांना प्रतिरूपात स्थान मिळाले पाहिजे.

काचभिंत नाकारावी, असा या विवेचनाचा अर्थ नाही. योग्य दिशेला, योग्य सावलीत व योग्य प्रकारची काच घराला प्रकाश आणि प्रसन्नता देते. परंतु आराखडा पाहून संमती देणारा घरमालक आपल्या सामग्रीच्या ज्ञानावर नव्हे, तर समोरच्या चित्रावर विश्वास ठेवत असतो. त्या विश्वासाला पात्र ठरेल असे चित्र काढण्यास विद्यार्थ्यांना शिकविणे हे या विषयाच्या अध्यापनाचे प्रमुख उद्दिष्ट असले पाहिजे.